अंबर : एका नावाची हकीकत

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले दोन-तीन तपशील छापताना भरले आहेत.)



चिटणीससाहेबांनी मला विषय दिला होता, 'आजचा विद्यार्थी आणि त्याच्यापुढील आव्हाने'. ह्या विषयावर मी ह्याच व्यासपीठावरून पूर्वी तीनदा बोललो आहे आणि तिन्ही वेळा मागच्या रांगांतली मुले जांभया देताना मला दिसली आहेत. त्यांचा त्यात दोष नाही. म्हणून आज अध्यक्षांच्या परवानगीने मी विषय बदलतो. आज मी फक्त एका नावाविषयी बोलणार आहे. ते नाव आहे अंबर.

झाले असे की, गेल्या जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात एक पालक कचेरीत आले. निवृत्तीनंतरही मी सकाळचे दोन तास कचेरीत बसतो, हे आपणांस ठाऊकच आहे. त्यांच्या हातात अर्ज होता. जनरल रजिस्टरमध्ये आपल्या मुलाचे नाव 'अंबर' असे आहे, ते बदलून मिळावे, असा. काय करून मिळावे, ती जागा मात्र कोरी होती. म्हणाले, "सर, नवीन नाव आठ दिवसांत सांगतो. पण हे नको."

का नको, असे मी विचारले. त्यांनी तीन कारणे सांगितली. पहिले असे की, मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी त्यांना बजावले होते, हे नाव आपले नव्हे. अंबर म्हणजे आकाश, नीलांबर-पीतांबरातला. दुसरे कारण मुलाचे. अलीकडे वर्तमानपत्रांत वरचेवर येते, अमुक ठिकाणी व्हेल माशाची उलटी पकडली, किंमत इतके कोटी, आरोपी अटकेत. त्या वस्तूला अंबर म्हणतात, हे वर्गातल्या कुणा शहाण्याने शोधून काढले. तेव्हापासून हा मुलगा वर्गात आला की पोरे नाकाला रुमाल लावतात. पूर्वी नुसते 'अंबरनाथ लोकल' म्हणत, ते तरी बरे होते. तिसरे कारण सांगताना ते जरा थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मुंबईचे आमचे एक नातलग शिकलेले आहेत. ते म्हणतात, हे गुलामांचे नाव. हबशांचे."

नाव ठेवले होते मुलाच्या दादांनी. ते बोटीवर खलाशी होते, उभी हयात दर्यावर गेली. नातू दोन महिन्यांचा असताना ते अल्लाला प्यारे झाले. हेच नाव का, हे त्यांना कुणी विचारले नव्हते.

मी म्हटले, "भाईसाहेब, अर्ज ठेवून जा. मला थोडे वाचू द्या." त्या वाचण्यातून जे हाती आले ते आज सांगतो. त्या पालकांची आणि मुलाची परवानगी घेतली आहे. मुलगा इथेच बसला आहे.

पहिला आक्षेप आधी निकालात काढू. तो सोपा आहे, आणि तसा मजेदारही आहे. मराठीत अंबर हा एक शब्द दिसतो, पण तो एक नाही. तीन वेगवेगळ्या घरांतले शब्द एका अनुस्वाराखाली येऊन बसले आहेत. एक संस्कृत अंबर. त्याचा अर्थ वस्त्र, आणि आकाश. पीतांबर, दिगंबर हे त्या घरातले. दुसरा फारसी 'अंबार', म्हणजे साठा, कोठार. धान्याचे अंबार आपण म्हणतो तो हाच, आणि पन्हाळगडावरच्या भल्याथोरल्या धान्यकोठारांना अंबरखाना म्हणतात तोही हाच. तिसरा अरबी. तो ऐन, नून, बे, रे ह्या चार अक्षरांनी लिहितात. अक्षरे पाहिली तर 'अन्बर' वाचले पाहिजे. पण मदरशात जाणाऱ्या मुलांना कायदा माहीत आहे, नून साकिननंतर बे आली की नूनचा मीम होतो. 'मिन् बअ्दि' लिहिलेले आपण 'मिम्बअ्दि' पढतो. त्याच कायद्याने अन्बरचा अंबर झाला. देवनागरीत ऐनही गेला, नूनही गेला, आणि हा अरबी पाहुणा हुबेहूब संस्कृत दिसू लागला. त्या बुजुर्गांना मी दोष देत नाही. आपण हल्ली नाव फक्त देवनागरीत किंवा इंग्रजीत लिहिलेले पाहतो. उर्दूत एकदा लिहून पाहिले असते तर शंकाच राहिली नसती.

जाता जाता, इंग्रजीतला 'अँबर' हाही ह्याच अरबी शब्दाचा नातू आहे, पण वस्तू निराळी. ती झाडाच्या राळेची, लाखो वर्षे जमिनीत राहून दगडासारखी झालेली. आपल्याकडे तसबीच्या मण्यांत तिला कहरुबा म्हणतात. ती उत्तरेकडच्या समुद्रकिनारी सापडे आणि सुगंधी अंबरही किनारीच सापडे, म्हणून युरोपियनांनी दोन्हींना एकच नाव दिले. मग घोटाळा होऊ लागला, तेव्हा फ्रेंचांनी एकाला राखी अंबर आणि एकाला पिवळा अंबर म्हणायला सुरुवात केली. तिकडे हे मुलींचे नाव आहे. आपल्याकडेही अंबरीन हे मुलीचे नाव त्याच शब्दापासून आले आहे.

आता दुसरा आक्षेप, उलटीचा. इथे मागच्या रांगांनी कान द्यावेत.

स्पर्म व्हेल नावाचा एक अजस्र देवमासा आहे. खोल समुद्रात जाऊन तो माकुल खातो. माकुलाचे मांस पचते, पण तिची पोपटासारखी टणक चोच पचत नाही. बहुतेक चोची तो ओकून टाकतो. काही आतड्यात उतरतात, तिथे टोचू लागतात, आणि त्यांच्याभोवती मेणासारखा एक पदार्थ साचत जातो. असे सगळ्या माशांत होत नाही, थोड्यांतच होते. हा गोळा शेवटी समुद्रात पडतो. तज्ज्ञांचे मत असे की, तो तोंडावाटे येत नाही. मागच्या वाटेने पडतो, किंवा मासा मेल्यावर मोकळा होतो. तेव्हा 'उलटी' हा शब्द मुळातच चुकीचा आहे. (हशा.) हो, खरा शब्द सांगितला तर मुले आणखी चिडवतील, म्हणून मी तो सांगत नाही.

पण पुढे ऐका. पडतो तेव्हा हा गोळा काळा, चिकट आणि घाण वासाचा असतो. पाण्यावर तरंगतो. वर्षानुवर्षे लाटांवर हेलकावत राहतो, ऊन खातो, मीठ खातो. हळूहळू त्याचा रंग राखी होतो, तो कडक होतो, आणि त्याच्यातल्या अंब्रीन नावाच्या द्रव्यावर हवेचा नि उन्हाचा परिणाम होऊन असा काही सुगंध येऊ लागतो की, त्यापुढे अत्तरवाल्यांनी हात टेकले. शिवाय त्याच्या अंगी एक विशेष गुण आहे. तो दुसऱ्या अत्तरात घातला म्हणजे त्या अत्तराचा वास उडून जात नाही, टिकून राहतो. म्हणून जुन्या जगात कस्तुरी, कापूर आणि अंबर ही नावे एका दमात घेत. तो कुठून येतो, हे मात्र शेकडो वर्षे नक्की ठाऊक नव्हते. कुणी म्हणे समुद्राच्या तळाशी त्याचे झरे आहेत. दहाव्या शतकातला मसऊदी हा अरब प्रवासी स्वतः पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेला होता. उत्तम अंबर झंजच्या, म्हणजे आफ्रिकेच्या समुद्रात मिळतो, असे त्याने नोंदवले आहे. हा आफ्रिकेचा किनारा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

दीनच्या बाजूनेही हा शब्द आपल्याला परका नाही. कुराणे शरीफमध्ये कस्तुरी आली आहे, कापूर आला आहे, याकूत आणि मरजानही आले आहेत; अंबर नाही. पण हदीसमध्ये आहे, आणि तेही फार सुंदर प्रसंगात. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या सरदारकीखाली तीनशे लोक समुद्रकिनारी पाठवले होते. शिधा संपला. माणशी दिवसाला एक खजूर मिळू लागला, मग तोही संपला. लोक झाडाची पाने झाडून खाऊ लागले. अशा वेळी समुद्राने एक प्रचंड मासा किनाऱ्याला टाकला. त्या माशाचे नाव रिवायतीत दिले आहे, अंबर. लोकांनी तो पंधरा-अठरा दिवस खाल्ला, त्याची चरबी अंगाला लावली, अंगात ताकद आली. त्याच्या फासळ्या उभ्या केल्या तर खालून उंट निघून गेला. मदीनेस परतल्यावर हुजूर (स.) यांना विचारले, तेव्हा त्यांनी ही अल्लाहने दिलेली रोजी असल्याचे सांगितले आणि स्वतःही त्यातले थोडे खाल्ले. सुगंधी अंबराविषयी हजरत इब्न अब्बास (रजि.) यांचे मत बुखारीत जकातीच्या प्रकरणात आहे : ती काही जमिनीत पुरलेली दौलत नव्हे, समुद्राने बाहेर टाकलेली चीज आहे.

म्हणजे भुकेल्या तीनशे माणसांचा जीव ज्याने वाचवला त्याचे हे नाव. पुढच्या वेळी कुणी नाकाला रुमाल लावला तर ही हदीस त्याला सांगावी.

किनाऱ्यावरच्या पालकांसाठी एक सूचना इथेच देऊन ठेवतो. स्पर्म व्हेलला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे आपल्या देशात अंबर जवळ बाळगणे आणि विकणे हा गुन्हा आहे. वाळूत असले काही दिसलेच तर वनखात्याला कळवा. कोटींच्या आशेने आपली तरुण मुले नको त्या माणसांच्या नादी लागतात आणि कोठडीत जातात.

आता तिसरा आक्षेप. खरे तर ह्याच्यासाठीच मी आज उभा आहे.

मुंबईच्या त्या नातलगांचे म्हणणे खोटे नाही. अंबर हे गुलामांना देण्याचे नाव होते. अरबस्तान, इराण, हिंदुस्थान, सगळीकडे ही चाल होती की, विकत घेतलेल्या माणसाचे जुने नाव टाकून त्याला एखाद्या मौल्यवान वस्तूचे नाव द्यायचे. याकूत म्हणजे माणिक. मरजान म्हणजे पोवळे. लूलू म्हणजे मोती. कापूर, संदल, रैहान, जौहर. अत्तराच्या दुकानातली किंवा जव्हेऱ्याच्या पेटीतली यादी वाचावी तशी ही नावे आहेत. इजिप्तवर राज्य केलेला काफूर (मृत्यू ९६८) काळ्या वर्णाचा होता; त्याला पांढऱ्याशुभ्र कापराचे नाव दिलेले होते. नाव देणाऱ्याने त्यात गंमत केली होती, हे उघड आहे. आणि ह्या नावांना पुढे बापाचे नाव जोडलेले नसे. आपल्या प्रवेश अर्जात 'वडिलांचे संपूर्ण नाव' अशी ओळ असते ना? ह्या माणसांची ती ओळ कोरी असे. अंबर जिथून येई त्याच आफ्रिकेच्या बाजूने माणसेही येत, त्याच गलबतांतून. व्यापाऱ्याच्या वहीत दोन्ही माल.

इथिओपियात सुमारे १५४८ साली एक मुलगा जन्मला. त्याचे नाव चापू. तो गुलामांच्या बाजारात आला, तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात विकला गेला, पुढे बगदादला पोहोचला. तिथल्या मीर कासिम नावाच्या मालकाने त्याची हुशारी ओळखली, त्याला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि नवे नाव ठेवले, अंबर. पुढे तो दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतः एके काळी हबशी गुलाम होता. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले.

आता तो मोकळा झाला. हवे ते नाव घ्यायला कुणाची आडकाठी नव्हती. त्याने अंबर हेच ठेवले.

बाकीची हकीकत तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचली आहे, म्हणून लांबवीत नाही. विजापूरच्या चाकरीत असताना त्याला 'मलिक' हा किताब मिळाला. (मलिक म्हणजे राजा, सरदार. मालक हा शब्द 'मालिक'पासून आला. धातू एकच, पण शब्द दोन. तरी ज्याला मालक होते त्याच्या नावामागे हा शब्द लागावा, हेही एक नवलच.) १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही बुडाली असे सगळ्यांनी धरले, तेव्हा ह्या माणसाने परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला आणि पुढची सव्वीस वर्षे ते राज्य आपल्या खांद्यावर पेलले. मराठा स्वार हाताशी धरून त्याने गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही दोन्ही फौजा त्याने मोडल्या. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, आणि शहाजीराजांचे बंधू शरीफजी तिथेच कामी आले. हरला नाही असे नाही. १६१७ मध्ये आणि १६२१ मध्ये त्याला मोगलांशी तह करून मुलूख सोडावा लागला. पण पुन्हा उभा राहिला. खडकी हे शहर त्याने १६१० साली वसवले. तेच पुढे औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. तिथे डोंगरातून भुयारी नळांनी पाणी आणले, त्या कालव्याला नहर-ए-अंबरी म्हणतात. जमिनीची प्रतवारी करून सारा ठरवण्याची त्याची पद्धत इतकी रुजली की, मराठी कागदपत्रांत 'मलिकंबरी' असा शब्दच तयार झाला. मीर कासिमने अत्तराच्या पेटीतून काढलेले नाव पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात साऱ्याचा शब्द होऊन बसले. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने लिहिलेल्या 'शिवभारत' ह्या संस्कृत काव्यातही ह्या हबशाच्या शौर्याचा उल्लेख आदराने आला आहे.

जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात त्याला काळतोंड्या अशा शिव्या घातल्या आहेत. त्याच्या दरबारी चितारी अबुल हसन याने सुमारे १६१६ साली एक चित्र काढले : भाल्यावर अंबरचे कापलेले डोके, आणि बादशहा त्याला बाण मारतो आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात ते डोके जहांगीरला कधीच मिळाले नाही. अंबर १६२६ साली, ऐंशीच्या घरात, आपल्या मरणाने मेला. आणि तेव्हा जहांगीरच्याच दरबारातल्या मुतमिदखानाने लिहिले की, रणांगणात आणि राज्यकारभारात त्याला तोड नव्हती, गुलाम असून इतक्या योग्यतेला चढलेला दुसरा हबशी इतिहासात नाही.

आता त्या पालकांच्या शब्दाकडे येतो. 'गुलामांचे नाव. हबशांचे.' आवाज खाली का आला? इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्या वर्गात एक सावळा, कुरळ्या केसांचा मुलगा होता. गृहपाठ झाला नव्हता, म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत 'ए हबशी' म्हणून उभे केले. वर्ग खूप हसला. मीही हसलो. तो मुलगा दहावी होईपर्यंत त्या वर्गाचा 'हबशी' झाला. आणि त्याच वर्षी मी त्या वर्गाला हजरत बिलाल (रजि.) यांचा धडा मोठ्या रसाने शिकवला होता, हे मला कित्येक वर्षांनी सुचले. मस्जिदीत बिलालचे नाव घेताना आपला ऊर भरून येतो, आणि लग्नाची मुलगी पाहायला गेलो की पहिला प्रश्न रंगाचा. आपल्यातलेच सिद्दी बांधव आहेत, गुजरातेत, कर्नाटकात, आपल्या जंजिऱ्याच्या परिसरात. त्यांच्याशी सोयरीक करायला आपल्यातले किती तयार आहेत? मी कुणाला हात वर करायला सांगत नाही.

वाईट अर्थाचे नाव बदलावे, हे सुन्नतमध्ये आहेच. आसिया, म्हणजे नाफर्मान, ह्या नावाच्या एका बाईचे नाव हुजूर (स.) यांनी बदलून जमीला ठेवले. (फिरऔनच्या नेक बायकोचे नाव निराळे, त्याचे अक्षर निराळे. मराठीत तेही एकच दिसते!) एका गृहस्थांचे नाव हज्न होते, म्हणजे खडबडीत जमीन. त्यांना सहल, म्हणजे सपाट, सोपे, हे नाव सुचवले. त्यांनी बापाने ठेवलेले नाव सोडायला नकार दिला, आणि त्यांचे नातू सईद बिन मुसय्यब म्हणत की, तो खडबडीतपणा आमच्या घरात तसाच राहिला. तेव्हा अर्थ वाईट असेल तर जरूर बदला. पण अंबरचा अर्थ वाईट कुठे आहे? शिवाय हे नाव आधी गुलामांचे नव्हतेच. अरबांच्या बनू तमीम ह्या मोठ्या टोळीची एक शाखा बनू अंबर होती, अंबर बिन अम्र ह्या मूळ पुरुषाच्या नावाने. बसऱ्याचे प्रसिद्ध काझी उबैदुल्लाह बिन हसन हे अंबरीच म्हणवीत. इस्लामपूर्वीपासून आझाद अरबांनी हे नाव आपल्या मुलांना ठेवले होते. नावात गुलामी नाही. ती नाव लादणाऱ्याच्या हातात होती.

राहिली ती बापाच्या नावाची कोरी ओळ. मलिक अंबरच्या आयुष्यात मला सर्वांत जास्त बोचली ती हीच गोष्ट. एवढा मोठा माणूस, पण अमक्याचा मुलगा म्हणून इतिहासात त्याची ओळख नाही. ह्यावर मी बरेच दिवस विचार करीत होतो, आणि मग सूरे अहजाबची पाचवी आयत डोळ्यांपुढे आली. हजरत जैद (रजि.) हे लहानपणी पळवून विकले गेले होते. हुजूर (स.) यांनी त्यांना आझाद करून मुलगा मानले, आणि लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले. तेव्हा हुकूम उतरला की, माणसाला त्याच्या खऱ्या बापाच्या नावानेच हाक मारा. जैद पुन्हा जैद बिन हारिसा झाले. आणि त्याच आयतीत पुढे आहे की, बाप ठाऊक नसतील तर ते दीनमधले तुमचे भाऊ आहेत, तुमचे साथी आहेत. पाहा, ती ओळ कोरी ठेवलेली नाही. ज्याचा बाप कुणाला ठाऊक नाही त्याचे नातेवाईक म्हणून आपल्या सर्वांना तिथे उभे केले आहे.

ऑगस्टमध्ये आठवीची सहल वेरूळ-दौलताबादला गेली. मी बरोबर होतो. वाटेत खुलताबादला थांबलो. तिथे जर जरी जर बख्श यांच्या दर्ग्याच्या जवळ मलिक अंबरची कबर आहे, घुमटाची, दगडी बांधणीची. आदल्या रात्री बसमध्ये मी मुलांना ही सगळी हकीकत सांगितली होती, मुलाचे नाव न घेता. नाव घ्यायची गरजच नव्हती. मजारीवर मुले नेहमीपेक्षा शांत होती. फातेहा झाल्यावर बाकीचे खाऊ विकणाऱ्या बाईकडे पळाले आणि हा माझ्याजवळ आला.

म्हणाला, "सर, त्याच्या आईने ठेवलेले नाव चापू होते, ते कसे कळले?"

मी सांगितले, पीटर व्हान डेन ब्रूके नावाचा डच व्यापारी १६१७ साली त्याच्या छावणीत येऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे.

"१६१७ म्हणजे तेव्हा तो म्हातारा होता?"

"सत्तरीच्या आसपास."

तो मनात हिशेब करीत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे साठ वर्षे ते नाव कुणीतरी लक्षात ठेवले होते. त्यानेच ठेवले असेल, सर. दुसरे कोण ठेवणार?"

पस्तीस वर्षे मी इतिहास शिकवला. हा हिशेब मी कधी केला नव्हता.

परत आल्यावर मी त्याच्या वडिलांना बोलावून विचारले, अर्जाचे काय करायचे. ते म्हणाले, त्यालाच विचारा. त्याला विचारले तर तो म्हणाला, अजून ठरले नाही. पण दादांचे जुने खलाशी दोस्त दोघे हयात आहेत, त्यांना आधी विचारून यायचे आहे, हे नाव दादांना कुठल्या बंदरात भेटले. एक दोस्त मुंब्र्याला आहेत, एक दापोलीकडे. दिवाळीच्या सुटीत तो एकाकडे जाऊन आला आहे. म्हाताऱ्यांना कानांनी कमी ऐकू येते, तेव्हा काम अर्धेच झाले. दुसऱ्याकडे मेमध्ये जायचे आहे. दहावीचा फॉर्म भरण्याआधी काय ते नक्की करावे लागेल, नाहीतर पुढे राजपत्रात जाहिरात देण्याची यातायात आहे, एवढे मी त्याला समजावून ठेवले आहे. तोवर अर्ज माझ्या खणात आहे. नव्या नावाची जागा अजून कोरी आहे.

माझा वेळ संपला आहे आणि मुले बक्षिसांची वाट पाहत आहेत. चिटणीससाहेब आता यादी वाचतील. आठवीच्या यादीत चित्रकलेचे दुसरे बक्षीस आहे. ते नाव पुकारताना ऐन जमला नाही तरी चालेल, पण जरा मोठ्याने पुकारावे, एवढी विनंती करतो.

खुदा हाफिज.